छातीचा आजार डोक्यात जातो का? न्यूमोनिया, टीबी आणि मेंदू: नातेवाइकांचे नेहमीचे प्रश्न

न्यूमोनियाचा पेशंट दाखल झाला की पहिल्या दिवशी सगळे ऑक्सिजनचा आकडा विचारतात. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री प्रश्न बदलतो. कॉरिडॉरमध्ये गाठून, आवाज खाली आणून कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, आई मला ओळखत नाहीये. दुखणं डोक्यात गेलं का?" मी फिजिशियन आहे, बरीच वर्षं आयसीयूत काम करतो. या प्रश्नाला इतक्यांदा उभ्या उभ्या अर्धवट उत्तर दिलंय की आता बसून लिहायला घेतलं. हे वाचून घरच्या घरी औषध ठरवू नका. डॉक्टरांना काय सांगायचं आणि काय विचारायचं, ते मात्र नक्की ठरवा.

न्यूमोनिया छातीत आहे, मग माणूस बरळतो कशाने?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे फुप्फुसं अडली की हिशेब पहिल्यांदा तिथे चुकतो. ऑक्सिजन कमी पडणं हे एक कारण झालं. रक्तातलं सोडियम उतरतं, साखर खालीवर होते, बीपी पडतं, मूत्रपिंडं मंदावतात, जंतुसंसर्ग रक्तात पसरला की त्याच्याशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं त्यांनीही मेंदू गढूळ होतो. यांपैकी बहुतेक वेळा जंतू मेंदूत शिरलेलेच नसतात. मेंदू ठीक असतो, त्याला मिळणारं रक्त ठीक नसतं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: वात. "तापात वात झाला, रात्रभर बडबडत होता" असं आजीच्या तोंडून ऐकलं असेल. आम्ही त्यालाच डिलिरियम म्हणतो. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर 'कर्ब-६५' नावाची एक साधी मोजणी करतात. त्यात पाच गोष्टी बघतात आणि पहिलीच गोष्ट आहे पेशंट भांबावलाय का. युरिया, श्वास, बीपी आणि वय तिच्यानंतर येतात.

आई ऐंशीची आहे, एरवीही विसरते. हे वयाचं की आजाराचं?

घड्याळ बघा. विसरभोळेपणा महिन्या-वर्षांत वाढतो. आजारातला गोंधळ तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमी-जास्त होतो: सकाळी बरी, दिवेलागणीला भलतंच बोलते. हा चढउतारच त्याची ओळख.

एका आजींची केस मी शिकाऊ डॉक्टरांना नेहमी सांगतो. ताप नाही, खोकला नावाला. मुलगा म्हणाला, "काल दुपारपासून म्हशी सोडा, म्हशी सोडा म्हणतेय. म्हशी विकून बारा वर्षं झाली." शेजाऱ्यांनी वयाचं आहे म्हणून समजूत घातली होती. मी पोटावर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ३४ भरले. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया असाच येतो, ताप-खोकल्याशिवाय, नुसता गोंधळ घेऊन किंवा "काल बाथरूममध्ये पडले" एवढंच सांगत. त्यामुळे "वय झालंय" हे निदान शेवटी ठेवावं, बाकी सगळं तपासून झाल्यावर.

आणि हे तुम्हीच पकडू शकता. मी पेशंटला आज पहिल्यांदा बघतोय, तुम्ही चाळीस वर्षं बघताय. "मंगळवारपर्यंत स्वतः पेपर वाचत होते, बुधवारी दुपारी चष्मा उलटा घातला" असं एक वाक्य मला सीटी स्कॅनपेक्षा कधी कधी जास्त सांगून जातं.

बाबा आरडाओरडा करत नाहीत, उलट शांत झोपून आहेत. हे चांगलं ना?

याचीच मला जास्त भीती वाटते. डिलिरियम म्हणजे सलाइन उपटणारा, शिव्या देणारा पेशंट अशी कल्पना असते. पण एक प्रकार गप्प असतो. माणूस डोळे मिटून पडतो, हाक मारली तर हुंकारतो, तोंडात घास तसाच ठेवतो. त्रास देत नाही म्हणून सगळ्यांना बरा वाटतो, सिस्टर पण खूश. हा प्रकार सर्रास नजरेतून सुटतो. साधी परीक्षा: आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा, रविवार, शनिवार, शुक्रवार... एरवी जमणाऱ्या माणसाला दोन वारांनंतर धागा सापडत नसेल तर राउंडच्या डॉक्टरांना तेवढंच सांगा.

ऑक्सिजन ९८ दाखवतोय, तरी झोप का उघडत नाही?

बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन दाखवतं. कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. वर्षानुवर्षं विड्या ओढलेले, किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बायका, यांची फुप्फुसं जुनाट आजाराने (सीओपीडी) आधीच थकलेली असतात. त्यात न्यूमोनिया झाला की आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही, साठत जातो आणि माणसाला गुंगी आणतो. आधी सकाळी डोकं जड होतं, मग दिवसा पेंग येते, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडतात, शेवटी हलवूनही जाग येत नाही.

घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर एक चूक हमखास होते. आकडा ८९ दिसला म्हणून कुणीतरी काळजीपोटी नॉब दोनवरून पाचवर नेतं. आकडा ९८ होतो, घरचे निश्चिंत झोपतात आणि पेशंटही झोपतो, जरा जास्तच. अशा पेशंटांत आम्ही मुद्दाम ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतो. गुंगी आली असेल तर मनगटाच्या धमनीतलं रक्त तपासावं लागतं (एबीजी), आणि बायपॅपचा घट्ट मास्क लावून हवा आत-बाहेर ढकलावी लागते. मास्कने जीव घुसमटतो असं पेशंट म्हणतो. पहिला अर्धा तास कुणी जवळ बसून हात धरला तर पुष्कळांना तो सोसतो.

पण म्हणून घाबरून ऑक्सिजन काढून टाकू नका. तो कमी पडला तर माणूस आणखी लवकर जातो.

सोडियम कमी झालंय म्हणतात. घरून मीठ-पाणी, नारळपाणी आणू का?

नारळपाणी अजिबात नको. त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम नगण्य, शिवाय वर पाणीच.

न्यूमोनियात शरीर पाणी धरून ठेवणारं एक हार्मोन गरजेपेक्षा जास्त सोडतं. म्हणजे मीठ सहसा संपलेलं नसतं, आमटीत तांब्याभर पाणी जास्त पडलेलं असतं. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं. ते १२५ च्या खाली घसरू लागलं की मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, आणि फारच खाली किंवा फारच झपाट्याने गेलं तर आकडी. म्हणून इलाज उलटा वाटतो: डॉक्टर "दिवसाला एक लिटरच पाणी द्या" म्हणतात आणि नातेवाइकांना ते क्रूर वाटतं. अर्थात जुलाब-उलट्यांनी पेशंट सुकलेला असेल तर गणित वेगळं, म्हणून आकडा बघून घरी ठरवायची ही गोष्ट नाही.

आणखी एक. "दोन दिवस झाले, अजून १२४ च का? लवकर वाढवा ना," असा आग्रह धरू नका. सोडियम एका दिवसात साधारण ८ ते १० अंकांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसतं. घाई केली तर मेंदूच्या बुंध्यातल्या मज्जातंतूंचं आवरण गळतं आणि शुद्धीवर येऊ लागलेला पेशंट आठवड्याभरात गिळायचा, बोलायचा थांबतो. इथे हळू जाणं हाच इलाज.

सिस्टरनी आईचे हात पलंगाला बांधलेत. झोपेचं इंजेक्शन का देत नाहीत?

हात बांधलेले बघून पोटात तुटतं, मला माहीत आहे. नळी उपटली तर जीव जाईल अशा वेळी थोडा काळ बांधावं लागतं. पण बांधल्याने गोंधळ वाढतो, हेही खरं, त्यामुळे "केव्हा सोडणार?" हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

झोपेच्या इंजेक्शनांचं म्हणाल तर त्यांतली काही डिलिरियम वाढवतातच. हॅलोपेरिडॉल फार वापरलं जातं. २०१८ साली अमेरिकेतल्या आयसीयूंमध्ये झालेल्या मोठ्या चाचणीत ते औषध आणि नुसता प्लासिबो (औषध नसलेलं इंजेक्शन) यांची तुलना केली. औषधाने डिलिरियमचे दिवस कमी झाले नाहीत. फार हिंसक झालेल्या पेशंटला तात्पुरतं आवरायला ते देतात, बरं करायला नाही.

उपयोगी पडतात त्या गोष्टी दिसायला किरकोळ असतात. घरातला चष्मा आणून द्या. कानाचं यंत्र आणा, बॅटरी चालू आहे ना बघा. कवळी डबीत पडून असेल तर ती लावा, म्हणजे बोललेलं कळेल. समोर घड्याळ आणि कॅलेंडर असावं. भेटीच्या वेळी शिरल्या शिरल्या "मी कोण? ओळख बघू!" अशी परीक्षा घेऊ नका. "आई, मी सुधा, आज गुरुवार, संध्याकाळचे पाच वाजलेत, तू दवाखान्यात आहेस," असं आपणच सांगा. भिंतीवर साप दिसतोय म्हणाली तर वाद घालू नका आणि "हो हो, दिसतोय" असंही म्हणू नका. "मला दिसत नाहीये, पण मी इथेच आहे" एवढं पुरतं. शौचाला साफ झाली का, लघवी तुंबली आहे का, हेही विचारा. नुसत्या तुंबलेल्या लघवीने म्हातारा माणूस रात्रभर थैमान घालू शकतो.

बाबा रोज "थोडी" घेतात. हे सांगायलाच हवं का?

पहिल्याच दिवशी सांगा, आणि "थोडी" म्हणजे किती तेही. रोज पिणारा माणूस दाखल झाला की दारू एकदम बंद होते. बंद झाल्यापासून दोन-तीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, आकडी येते, अंगावर किडे चालताना दिसतात. आम्ही समजतो न्यूमोनिया चढतोय, आणि इलाज भलत्याच दिशेने जातो. दारूच्या तुटीचा इलाज वेगळा आहे, आणि अशा पेशंटला ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं. सुनेसमोर, जावयासमोर सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा. तंबाखू आणि मिश्रीचंही सांगा. आजी मिश्री लावतात हे घरातल्या कुणालाही 'व्यसन' वाटत नाही, पण ती तुटली की त्याही चिडतात, अस्वस्थ होतात.

अँटिबायोटिकनेच डोकं फिरलं असेल का?

क्वचित, पण हो. सेफेपिम हे औषध मूत्रपिंड मंद असताना पूर्ण मात्रेत गेलं तर गुंगी, अंगाला झटके, आकडी येऊ शकते. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी म्हाताऱ्यांत झोप उडते, भ्रम होतो. स्टेरॉइडने माणूस रात्रभर टक्क जागा राहतो, कधी संशयी होतो.

एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या पेशंटला मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दिलं तर रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्याने उतरतं आणि वर्षानुवर्षं न आलेली फिट येते. म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. "बीपीची पांढरी गोळी" या वर्णनावरून मला काहीही कळत नाही.

मग जंतू खरोखर मेंदूत जातात ते केव्हा?

न्यूमोकोकस हा न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू. तो रक्तात उतरून मेंदूच्या आवरणांपर्यंत पोचला तर मेंदूज्वर होतो: जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड नकोसा, मान आखडलेली. प्लीहा काढलेले, दारूचं व्यसन असलेले, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घेणारे यांना धोका जास्त. इथे तासांचा हिशेब असतो, म्हणून रिपोर्टची वाट न बघता अँटिबायोटिक सुरू करतात, आणि त्याच्या आधी किंवा सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. बरं झाल्यावर कानांची तपासणी करून घ्या. या मेंदूज्वरानंतर बहिरेपण राहू शकतं आणि लहान मुलात ते महिनोन् महिने कळत नाही.

फुप्फुसात जुना पू असेल तर त्यातला जंतू रक्तावाटे मेंदूत जाऊन तिथेही पू करू शकतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांत किंवा किडनी बदललेल्यांत फुप्फुसात गाठी आणि मेंदूतही गाठी दिसल्या तर टीबीबरोबर नोकार्डिया नावाच्या जंतूचाही विचार करतात. त्याचा इलाज पूर्ण वेगळा.

टीबी छातीतून मेंदूत जातो का? आमच्या मुलीला महिनाभर नुसती डोकेदुखी होती.

जातो, आणि आपल्या देशात हाच सगळ्यात जास्त घात करतो, कारण तो दबकत येतो. १९३३ साली अमेरिकेत रिच आणि मॅककॉर्डॉक यांनी दाखवलं की टीबीचे जंतू फुप्फुसातून रक्तावाटे येतात, मेंदूच्या कडेला छोट्याशा गाठीत दबा धरून बसतात आणि ती गाठ फुटली की आवरणांत पसरतात. ती फुटायला महिने जातील, वर्षंही जातील. म्हणून छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे एवढ्यावरून मेंदूचा टीबी नाकारता येत नाही.

सुरुवात अगदी बेतशीर असते. संध्याकाळचा बारीक ताप, भूक मेलेली, डोकं दुखतं, मूल चिडचिड करतं, अभ्यासात लक्ष नाही. घरी वाटतं चष्म्याचा नंबर वाढला, परीक्षेचं टेन्शन, पित्त. मग उलट्या लागतात. मग एक वस्तू दोन दिसते, एक डोळा आत वळतो. मग गुंगी. गुंगीच्या आधी औषध सुरू झालं तर बहुतेक जण वाचतात आणि चालते-बोलते राहतात. बेशुद्धीत आलेल्यांचं तसं नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली डोकेदुखी आणि ताप, त्यात घरात कुणाला टीबी झालेला असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर आणखी एक आठवडा घालवू नका.

आधी कुणी साध्या न्यूमोनियासाठी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं असेल तर तेही सांगा. त्याने टीबी अर्धवट दबतो, चार दिवस बरं वाटतं आणि निदान मागे पडतं.

मणक्यातलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो म्हणतात. काढू द्यावं का?

सही करायला नकार मिळतो तो बहुधा याच कागदावर. कारणही समजण्यासारखं आहे: गावातल्या कुणाचं तरी पाणी काढलं होतं आणि तो नंतर उठलाच नाही. पण पाणी काढलं जातं तेच मुळात गंभीर पेशंटचं. तो आजाराने गेला, सुईने नाही.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागात, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या दोन मणके खाली जाते, तिथे पाण्यात तरंगणारे नुसते धागे असतात. मोठ्या माणसाच्या मेंदू-मणक्याभोवती एका वेळी साधारण १५० मिली पाणी असतं आणि शरीर दिवसाला सुमारे ५०० मिली नवीन बनवतं. आम्ही काढतो ८-१० मिली, ते तासाभरात भरून येतं. टीबीची शंका असेल तर जरा जास्तच काढलेलं बरं, कारण जंतू विरळ असतात आणि चार थेंबांत सापडत नाहीत. नंतर एक-दोन दिवस उठून बसल्यावर डोकं दुखू शकतं, त्याची कल्पना असू द्या. मेंदूत दाब फार वाढल्याची चिन्हं असतील तर आधी स्कॅन करतात, आणि काहींचं पाणी काढतही नाहीत.

पाणी निवळशंख दिसलं म्हणून खूश होऊ नका. टीबीत ते पुष्कळदा स्वच्छच दिसतं. पेशी, प्रोटीन वाढलेलं आणि साखर घटलेली हे प्रयोगशाळेत कळतं. सीबीनॅटचा (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी डॉक्टर औषध चालू ठेवतील, कारण ही तपासणी मेंदूच्या टीबीत चुकू शकते.

औषध सुरू आहे, तरी नवीन गाठ दिसली. औषध लागू पडत नाही का?

तसंच असेल असं नाही. जंतू मरायला लागल्यावर शरीराची प्रतिक्रिया भडकते आणि गाठी काही काळ वाढतात. डॉक्टर औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची शक्यता तपासतील, स्टेरॉइड वाढवतील, पण औषध सहसा तेच राहतं. व्हिएतनाममध्ये ५४५ पेशंटांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डेक्सामेथासोनमुळे मृत्यू कमी झाले, तेव्हापासून ते इलाजाचा पक्का भाग झालंय. त्यामुळे तोंड सुजलं, वजन वाढलं म्हणून ते मनाने बंद करू नका. मेंदूत पाणी तुंबलं तर शंट नावाची नळी घालून ते पोटात सोडावं लागतं.

कोर्स सहा महिन्यांचा नसतो, ९ ते १२ महिन्यांचा असतो. आयसोनियाझिडने तळपायांना मुंग्या येतात, त्यासाठी बी-६ ची गोळी असते, ती "ताकदीची आहे" म्हणून वगळली जाते. इथॅम्ब्युटॉलने नजर मंदावते आणि लाल-हिरवा रंग फिका दिसतो. मी पेशंटला सांगतो, रोज सकाळी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचा, लाल तारखा लालच दिसतायत ना बघा. फरक वाटला तर त्याच दिवशी या. दाद न देणाऱ्या टीबीत लिनेझोलिडने पाय आणि डोळे दोन्ही बिघडू शकतात, सायक्लोसेरीनने मन. घरात कुणी अचानक उदास, संशयी झालं तर स्वभाव समजून सोडू नका.

मुलाला फ्लू आहे आणि आकडी आली. मेंदूज्वर का?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत नुसत्या तापानेही आकडी येते. ती दोन-पाच मिनिटांत थांबते आणि मूल थोड्या वेळात रडत-खेळत पूर्ववत होतं. कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा हुंगवू नका. आकडीनंतर मूल जागं होतच नसेल, आकडी पुन्हा आली किंवा पाच मिनिटांपुढे गेली तर थेट दवाखाना. फ्लूमध्ये क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूला एक-दोन दिवसांतच भयंकर सूज येते. आणि फ्लूच्या तापाला मुलांना ॲस्पिरिन नको, त्याने मेंदू आणि यकृत दोन्हींवर आघात होऊ शकतो.

पुण्यात पसरलेला जीबीएस न्यूमोनियातून आला होता का?

नाही. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम: संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड परिसरात जे पेशंट वाढले, त्यांच्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा पोटाचा जंतू सापडला. पण छातीच्या संसर्गानंतरही जीबीएस होऊ शकतो, मायकोप्लाझमा नावाच्या जंतूच्या न्यूमोनियानंतर विशेषकरून. खोकला बरा होऊन आठवडा-दोन आठवडे झाले आणि पाय लुळे पडू लागले, जिना चढवेना, मग हात, मग ठसका, असा क्रम असेल तर थांबू नका. श्वासाचे स्नायू केव्हा दमतील सांगता येत नाही.

कोविडनंतरचा काळा बुरशीचा आजार अजून होतो का?

होतो. २०२१ च्या मे महिन्यात तो घरोघरी माहीत झाला, पण म्युकरमायकोसिस मधुमेहींना आधीही होत होता. नाकातून डोळ्यामागे आणि तिथून मेंदूत जातो. साखर बेफाम, नाकातून काळसर स्राव, गालाला बधिरपणा, डोळा सुजलेला: त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ.

वडिलांना आधी पॅरालिसिस झाला, मग न्यूमोनिया. म्हणजे उलटंच झालं?

हो, ही वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. लकव्यात गिळणं बिघडतं, अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो. मायेने आडवं झोपवून पाजलेला पातळ चहा यात पुष्कळदा कारण असतो. बसवून, मान किंचित पुढे घेऊन, एकेक चमचा भरवा. पातळ पाण्यापेक्षा दाटसर पेज गिळायला सोपी जाते. आवाज ओला, घुरघुरल्यासारखा झाला तर थांबा. नाकातून नळी घालायला सांगितली तर "उपाशी मारणार का" म्हणून भांडू नका, नळी पोट भरायलाच असते.

व्हेंटिलेटर निघाला, छाती साफ, तरी हातपाय उचलत नाहीत. लकवा झाला का?

बहुधा नाही. गंभीर आजारात स्नायू आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या नसा दोन्ही थकतात. कॅनडातल्या लंडन शहरातले न्यूरॉलॉजिस्ट चार्ल्स बोल्टन यांनी १९८४ साली असे पेशंट मांडले, तोवर व्हेंटिलेटर का सुटत नाही हे कोडंच होतं. लकव्यात सहसा एक बाजू जाते. इथे दोन्ही बाजू सारख्याच ढिल्या असतात, मांड्या आणि दंड जास्त. बऱ्याच जणांत आठवड्यांत ते सुधारतं, काहींना महिने लागतात. फिजिओथेरपिस्टची रोजची वीस मिनिटं पुरत नाहीत, उरलेल्या दिवसाचा व्यायाम नातेवाइकांच्या हातात. तळहात, घोटे, गुडघे रोज सर्व बाजूंनी हलवून द्या, नाहीतर नसा सुधारेपर्यंत सांधे आखडून बसतात.

घरी आल्यावर विसरतात, हिशेब चुकतो. हे कायमचं आहे का?

या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. प्रतीक पंढरीपांडे (आडनाव आपल्या ओळखीचं!) आणि सहकाऱ्यांनी केला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. श्वास निकामी झालेले किंवा शॉकमधले ८२१ आयसीयू पेशंट. त्यांतल्या ७४ टक्क्यांना दवाखान्यात डिलिरियम झाला. वर्षभरानंतर तपासलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची बौद्धिक कामगिरी डोक्याला मध्यम मार बसलेल्या माणसाइतकी खाली होती. तरुण पेशंटही त्यात होते. जितके दिवस डिलिरियम जास्त, तितका हा परिणाम जास्त.

व्यवहारात हे कसं दिसतं? दुकानदार म्हणतो, "काकांनी पाचशेची नोट दिली आणि सुटे न घेताच गेले." गॅस चालू राहतो. एकाच वेळी दोघं बोलले की चेहरा कोरा होतो. सुधारणा वर्षभर होत राहते, म्हणून घाईने कामावर पाठवू नका, बँकेची मोठी कामं एकट्याने करू देऊ नका. स्कूटरची चावी काही दिवस कपाटात ठेवा. यावरून घरात भांडण होतं, तेव्हा डॉक्टरांनी नाही म्हटलंय असं माझं नाव पुढे करा.

काका म्हणतात, दवाखान्यात त्यांना रात्री तळघरात नेऊन ठेवलं होतं. खरं असेल का?

तक्रार आधी नीट ऐकून घ्या, कारण खरी तक्रारही असू शकते. पण आयसीयूतून आलेल्यांच्या आठवणी बऱ्याचदा तुकड्यांची गोधडी असते. एमआरआयला नेताना लिफ्ट खाली गेली, यंत्राचा ठोठो आवाज झाला, थंडी वाजली. त्यातून तळघर तयार होतं आणि ते खऱ्या आठवणीइतकंच टोचतं. अनेक महिने दचकून जाग येणं, दवाखान्याच्या वासाने घाम फुटणं चालू राहिलं तर मानसोपचार तज्ज्ञांकडे न्या.

काही नातेवाईक भेटीच्या वेळी वहीत रोज दोन ओळी लिहितात. माझ्या एका पेशंटच्या मुलीने शाळेची जुनी दोनशे पानी वही वापरली होती. "सोमवार. नळी काढली. आवाज बसलाय. तुम्ही भात मागितला, दिला नाही." तीन महिन्यांनी ते तपासणीला आले तेव्हा वही सोबत होती. त्यातलं एक पान त्यांनी माझ्यापुढे उघडं धरलं आणि विचारलं, "बुधवारी स्कॅनला नेलं होतं ना मला? लिफ्टने?" मी केसपेपर काढून तारीख बघितली. हो, बुधवारच होता.